शेवटची पाकळी

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. शकुन माझी मावसबहीण, आणि खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

१९८७ साल. दिवाळीच्या आधीची दुपार. तुमसरची एक शाळा.

शाळेत नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं, जसं काही देवघरच! सिहोऱ्याची शकुन तेव्हा अकरावीत. स्नेहसंमेलनात दाखवायला तिनं प्रोग्राम लिहिला होता... मायच्या रांगोळीचा.

तिची माय, धुरपता, रोज सकाळी दारात फूल काढायची. घरात जितकी माणसं, तितक्या पाकळ्या. एकेका पाकळीला एकेकाचं नाव पुटपुटायची. बाबा गोमाजी, भाऊ घनश्याम, शकुन आणि ती स्वतः. चार.

कोणती पाकळी कोणाची, हे शकुननं कधी विचारलं नव्हतं.

तिनं प्रोग्राम चालवला. हिरवी रेघ सरकू लागली. पहिली पाकळी. दुसरी. तिसरी...

रेघ थांबली.

मायच्या फुलात जी पाकळी रस्त्याकडं यायची, तिची जागा रिकामीच.

सरांनी एकेक ओळ तपासली. "चूक तर कुठंच नाही गं!" त्यांनी चौकोन काढून पाहिला. चारही बाजू ठणठणीत.

फूल काढलं... पुन्हा तीनच पाकळ्या.

आणि मग आवाज आला. खर्र... खर्र... कोणीतरी फरशीवरची रांगोळी झाडून राहिलं होतं.

सरांना काहीच ऐकू आलं नाही.

शकुन पहिल्याच एसटीनं सिहोऱ्याला घरी आली. सायकल घेऊन सदा रस्त्यावर असतो तो घनश्याम. म्हणजे रस्त्याकडची पाकळी त्याचीच!

"दादा, उद्या वावरात जाऊ नको."

"काहून वो? धान काय तू कापतं?"

"माझी शपथ आहे तुले!"

ती रडून रडून बेजार. शेवटी माय म्हणाली, "राहू दे रे घन्या. पोरगी एवढी रडून राहिली. मीच जातो."

शकुनचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी धान कापताना मायला साप डसला. बैलबंडीतून घरी आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेरवी झाली. ओट्यावर बसून बाबा सहज बोलून गेले, "तुही माय पहिली पाकळी माही काढे. मंग घन्याची, मंग तुही. आखरीची सोताची."

म्हणजे न उमटलेली पाकळी मायची होती, आणि तिला वावरात धाडलं होतं शकुननंच.

शाळा सुरू झाल्यावर तिनं प्रोग्राममध्ये चाराचे तीन केले. घरात आता तीनच माणसं.

रेघ सरकली. पहिली पाकळी. दुसरी...

थांबली.

खर्र... खर्र... या वेळी आवाज अगदी तिच्या खुर्चीमागून आला.

कोणाला सांगायचं? सांगून उपयोग काय?

दुसऱ्या सकाळी ती दारात रांगोळी घेऊन बसली. काढणारी आता तीच, म्हणजे शेवटची पाकळी तिची. तिनं आपली पाकळी पहिली काढली. मग घनश्यामची. आणि एकच जागा उरली.

बाबा ओट्यावरून पाहत होते. तिनं त्यांना काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांना सारं कळलं असावं.

"आखरीची माही काढ, पोरी. घाबरू नको."

शकुननं हंबरडा फोडला. तळहातानं सगळं फूल पुसून टाकलं.

त्यानंतर त्या दारात रांगोळी पडली नाही. घनश्यामच्या लग्नातसुद्धा नाही. बाबा पुढं बरीच वर्षं जगले. शकुननं कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही.

गेल्या दिवाळीत घनश्यामच्या नव्या सुनेनं मात्र हौसेनं दारात मोठं फूल काढलं. माहेरी आलेल्या शकुननं तिचा हातच धरला.

"शेवटची कोणाची काढली वो?"

सून हसली. "आत्याबाई, मी कोणाचं नाव थोडीच घेतलं!"

म्हणजे शेवटची पाकळी कोणाचीही असू शकते. तेव्हापासून शकुन रोज सकाळी सिहोऱ्याला फोन करते. एकेकाला फोनवर बोलावते. सगळ्यांचा आवाज ऐकल्याशिवाय चहाही घेत नाही.

काल घनश्यामनं फोन उचलायला जरा उशीर केला...