न लिहिलेलं नाव

मोखाड्याहून जव्हारला निघालेली जीप खचाखच भरली होती. मागं माणसांवर माणसं, दोघं तर पायरीवर लोंबकळत... आणि ड्रायव्हरशेजारची जागा मात्र चक्क रिकामी! रविनाला नवल वाटलं, पण अंगावर पाऊस येत होता. ती पटकन चढून बसली.

"मॅडम, हितं कोणी बसत नाय," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"का? सीट मोडकी आहे?"

"सीट बरी हाय. मीच मोडका."

त्यानं बाही वर सरकवली. दंडावर तांबूस, खवलेदार चट्टा होता. कमलेश त्याचं नाव. वय असेल पंचविशीचं, आणि डोळे इतके हसरे, की रविना घाईनं बाहेर बघू लागली. बाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं, तरी बघत राहिली बिचारी.

आता गंमत अशी, की चट्टे तपासणं हेच रविनाचं काम. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी ती पाडोपाडी हिंडायची. जव्हारला उतरल्यावर तिनं त्याला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"कुठं लागलं?"

त्यानं दर वेळी अचूक बोट ठेवलं. एकदा तर तिनं पेन टेकवलंच नव्हतं...

"आता हातावर नाय लागला," तो म्हणाला, "जरा आत लागला."

"गप्प बसा!" म्हणताना तिचे कान तापले.

स्पर्श कळतो, म्हणजे कुष्ठरोग नसावा. तरीही शंकेचा चट्टा दिसला, की नाव लिहून माणसाला डॉक्टरांकडे पाठवायचं, असा नियम होता. तिनं वही उघडली.

"नाव नका लिहू, मॅडम. यादीत आला, तर जीपमधी कोणीच बसणार नाय. खाज हाय नुसती. मलम लावीन."

रविनानं वही मिटली. आवडलेल्या माणसाचा शब्द तिला मोडवला नाही, आणि तिथंच सगळं चुकलं.

वर्ष मोठं गोड गेलं. जीपमधली ती जागा तिची झाली. जव्हारजवळच्या शिरपामाळावर दोघं एका छत्रीत उभी राहिली, आणि छत्री असून भिजली. मॅडमची रविना झाली, तुम्हीचं तू झालं. मलमही चालू होतं. पण चट्टे पसरले, मग त्यांच्या गाठी झाल्या. तेव्हा कुठं दोघं डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. त्वचेचा लिम्फोमा निघाला. कॅन्सर.

"पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार," डॉक्टरांनी समजावलं. "त्यातलेच काही फितूर होऊन कातडीत वाढलेत. सुरुवातीला बाकीचे राखणदार त्यांना आवरून धरतात. पुढं तेही थकतात, काही तर फितुरांनाच पोसायला लागतात. यांच्या गाठींत लढणारे फार थोडे उरलेत."

"वर्षापूर्वी आलो असतो तर?" रविनानं कसंबसं विचारलं.

"तेव्हा बहुतेक आवरलं असतं."

बाहेर धुकं इतकं दाटलेलं, की समोरचा रस्ता दिसेना. रविना भिंतीला टेकून रडू लागली.

"मी लिहायला पाहिजे होतं, कमलेश..."

"नको तर मीच म्हटला ना." तोही भिंतीला टेकला. "एक ऐकशील? मुंबईला इलाजाला मी एकटा जातो. परत येन का नाय, कोण सांगेल? तुझ्या आईनं स्थळ आणलाय. तू लगीन कर."

रविनानं ओढणीनं तोंड पुसलं. तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि या माणसाशिवाय आपलं काही खरं नाही, हेही पक्कं कळलं.

"एकदा तुझं ऐकलं," ती म्हणाली, "नि वर्ष गेलं आपलं. आता नाय ऐकायची. माझं प्रेम हाय तुझ्यावर. जितके दिवस असशील, तितके दिवस माला तूच पाहिजे."

कमलेशनं तिचा हात धरला. दुसऱ्या सकाळी स्टँडवर मुंबईची एसटी फलाटाला लागली, तेव्हा रविना त्याच्या आधी चढली.