शेवटचं पाणी

ज्वारी गिरणीत टाकून मी दवाखान्यात गेले. येताना पीठ घरी न्यायचं, एवढाच बेत होता. पण ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस. आमच्या वांकिडी गावातून मला थेट मोठ्या दवाखान्यात हलवलं. रोगाने आधी छाती धरली, मग किडन्या. लघवी बंद झाली, अंगावर सूज चढली. कोरोनावाल्यांसाठी डायलिसिसचं एकच मशीन होतं आणि माझी पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. प्यायले असते तर ते छातीत साचलं असतं.

मे महिन्याची दुपार. खिडक्यांना निळं प्लास्टिक लावलेलं, त्यामुळे आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. ऑक्सिजनच्या बाटलीतली बुडबुड ऐकूनच माझा जीव कासावीस व्हायचा. शेजारच्या खाटेवर बोथ गावचे चंपतराव होते, माझ्यासारखीच पाळीची वाट बघत.

अचानक फिनाईलच्या वासात तुळशीचा वास मिसळला...

एक अनोळखी म्हातारी आत आली. अंगावर लुगडं, हातात तांब्या, तोंडाला मास्क नाही. नातेवाइकांना तर तेव्हा फाटकातही घेत नव्हते. ती चंपतरावांच्या उशाशी बसली.

"घे बापू..."

ते घटाघटा प्यायले. मग त्यांची छाती हलायची थांबली.

आमच्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात घरचं माणूस तुळशीपान ठेवून पाणी घालतं. काय चाललंय ते मला उमगलं.

ती माझ्याकडे वळली. "तुहे पोरं येऊ नाई शकत, बाई... म्हून मी आली. तोंड उघड."

खरं सांगते, तहानेने मी वेडी झाले होते. शिवाय म्हाताऱ्या माणसाच्या हातचं पाणी मी जन्मात कधी नाकारलं नव्हतं. पण माझं तोंड मुळातच फटकळ.

"काऊन उघडू? मी मरून नाई राह्यली. माही पाळी उद्या हाय. तुमी जा, माय."

"एकच घोट..."

"नाई म्हन्लं ना!" मी ओरडले आणि जबडा ठणकेपर्यंत दात आवळून धरले.

नर्स भाग्यलक्ष्मी धावत आली. चंपतरावांचे ओले ओठ पाहून ती थबकली.

"अम्मा, इनको पानी किसने दिया?"

खोलीत ना म्हातारी होती, ना तांब्या.

सकाळी मला मशीन लागलं. पुढे हळूहळू किडन्याही कामाला लागल्या. मी जगले, आणि त्याचा मला माज आहे.

अजूनही दुपारी डोळा लागला की कधीकधी ओठ ओले होऊन जाग येते. मी ते पदराने खसाखसा पुसते आणि रिकाम्या घराला ठणकावून सांगते, "नाई म्हन्लं ना!"