एका मापाचं ताट

मधली वाटी

त्याच्या चेहऱ्याआधी मी त्याचा चावा पाहिला.

काउंटरवर लाकडी फळी होती, फळीवर चीजची जाडसर चकती, आणि त्या चकतीतून कुणीतरी घेतलेला एक घास. कड अगदी स्वच्छ उमटली होती. मी वाकले. माणसं दुकानात शिरली की भाव बघतात, मी दात बघते. कामच तसं आहे. दंतवैद्य तोंडाचा ठसा पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचा साचा करते आणि साच्यावर कवळी. नऊ वर्षं झाली. शेकडो तोंडं ओळखते, चेहरा त्यातला एकही नाही.

"ते विकायचं नाही," आतून आवाज आला. "उष्टं आहे."

"तुमचं?"

"हो... का?"

"वरचा डावा सुळा आत वळलाय तुमचा. आणि पुढच्या दाताचा कोपरा उडालाय. लहानपणी पडलात का कुठे?"

त्यानं पटकन तोंडावर हात ठेवला. निळा ॲप्रन, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, दुसऱ्या हातात चीज कापायची बारीक तार.

"सायकलवरून," तो हाताआडून म्हणाला. "अकरा वर्षांचा होतो. पण तुम्ही पोलिसातल्या का?"

"कवळ्या करते."

"बापरे." त्यानं तोंडावरचा हात खाली घेतला. "मग इथे काय, गिऱ्हाईक हेरायला आलात?"

आणि हसला. ओठ मिटून. मला उगाचच राग आला. इतका सुरेख सुळा, आणि माणूस तो झाकून ठेवतो?

कागदाची पुढची बाजू: वहिनी

*वन्सं, स्वयंपाकघराची फरशी उखडलीय, शेगडी बाल्कनीत आडवी पडलीय. सुट्टीच्या पहिल्या दुपारी चौदा माणसं येणार, म्हणजे येणारच. तेव्हा काही शिजवायचं नाही, भाजायचं नाही, नुसतं मांडायचं. एक मोठं ताट. ताट बघून लोकांनी आधी फोटो काढावा आणि मग हात घालावा, असं. तुमच्यावर सोपवलंय. नाक कापू नका.*

कागदाची मागची बाजू: मी

*अक्रोड नको. कडक बिस्किटं नकोत. अंजीर — बिया! नको. तीळ लावलेलं काहीच नको, कवळीखाली जातात. सफरचंद कधीही नको. कधीही.*

त्यानं मी पुढे केलेल्या कागदाच्या दोन्ही बाजू वाचल्या. पुन्हा उलटून वाचल्या.

"हे मेजवानीचं ताट आहे की कुणाचं पथ्य?"

"तुम्ही मऊ चीज दाखवा."

"दाखवतो. पण आपल्याकडे एक पद्धत आहे, एक तुकडा चाखला की एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं."

"ही पद्धत कधीपासून?"

"आत्ताच सुरू केली. बोहनी तुमचीच."

चार दुपारी, काउंटरच्या अलीकडून आणि पलीकडून

"हे कसं आहे?"

"टाळ्याला चिकटतं."

"आणि हे?"

"भुगा होतो. भुगा वाईट. हिरडीच्या कडेला बसतो."

"तुम्ही चव कधीच सांगत नाही हो. चिकटतं, तुटतं, भुगा होतो... पण चव?"

"हा तुमचा प्रश्न?"

"हो."

"चव छान आहे."

"झालं. एक तुकडा पाण्यात गेला माझा."

"आता मी विचारते. तुम्ही ओठ मिटून का हसता?"

"कारण तुम्ही समोर असता."

"मी तर चारच दिवस येतेय. त्या गालावरच्या रेषा पडायला वीस वर्षं लागली असतील."

"...बाई, तुम्ही माणसावर झाकण म्हणून ठेवत नाही!"

"मोठा भाऊ चिडवायचा का? उडालेल्या कोपऱ्यावरून?"

"बहीण. अजून चिडवते. हे घ्या, ही लाल भोपळी मिरची, सालं काढून तेलात मुरवलेली. बरणीतून काढली की थेट ताटात. जिभेनंसुद्धा तुटेल."

मी डोळे मिटून चाखली. खरंच तुटली. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी बघतेय हे कळल्यावरही त्यानं नजर हलवली नाही. माझीच हलली, ऑलिव्हच्या बरणीकडे.

"प्रश्न," तो हळूच म्हणाला. "चौदाच्या चौदा पाहुण्यांची बोळकी आहेत का?"

"नाही."

"मग हे सगळं नक्की कुणासाठी?"

पानाखाली ठेवलेलं

बाबांसाठी.

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. सगळा मोहल्ला त्यांना मास्टर म्हणतो. दादाला बढती मिळाली तेव्हा घरी पार्टी होती. बाबांनी ऐटीत सफरचंदाचा लचका तोडला आणि कवळी सफरचंदातच राहिली. सगळे हसले. बाबाही हसले. मग हात धुऊन येतो म्हणून उठले, ते आज आठ महिने झाले, कुणासमोर जेवलेले नाहीत. ताट खोलीत नेतात. दार लावून घेतात.

ती कवळी मी केली होती. अर्ध्या मिलिमीटरची चूक. दुसऱ्याच दिवशी मी ती सुधारली, आता ओढली तरी निघत नाही. पण बाबांना ते कसं पटवायचं? ते दारच उघडत नाहीत.

मला एवढंच हवं होतं: त्या दुपारी बाबांनी सगळ्यांमध्ये बसावं आणि एक घास खावा. एकच. आणि त्यांना ते ताट त्यांच्यासाठी केलंय असा संशय येऊ नये, कारण दया त्यांना लांबून कळते.

हे सगळं मी त्याला सांगून टाकलं. दुकानात, भर दुपारी, एका मिरचीच्या मोबदल्यात.

त्यानं हातातलं चीज खाली ठेवलं. तार पुसली. पुन्हा पुसली.

"माप आणा," म्हणाला.

माप

दुसऱ्या दिवशी मी नेलं. आमच्याकडे साच्यासाठी गुलाबी मेण वापरतात, त्याचा छोटा ठोकळा कापला होता. बाबा तोंड आरामात जेवढं उघडतात, बरोबर तेवढा.

"याहून मोठं काही नको."

त्यानं तो तळहातावर घेतला, फिरवून पाहिला, उजेडात धरला. मी केलेली वस्तू इतक्या कुतूहलानं आजवर कुणी पाहिली नव्हती. पाहणार कोण? माझं काम तोंडात गेलं की दिसत नाही, आणि दिसलं तर ते बिघडलेलं असतं.

"मी येऊ का मांडायला?" त्यानं विचारलं. "म्हणजे... मऊ चीज आयत्या वेळी कापावं लागतं."

"सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरी जाता?"

"आत्ताच सुरू केलंय."

बशी, वाट्या, बोटं

तो आला. तीन डबे, तार, बटरपेपरची गुंडाळी आणि तोच निळा ॲप्रन. दार वहिनीनं उघडलं.

"कोण आपण?"

"चीजवाला."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "वन्सं, चीज घरपोच मागवलंय की चीजवाला?"

बैठकीतल्या टेबलावर आम्ही ताट मांडायला बसलो. मधोमध पुदिना घातलेल्या घट्ट दह्याची वाटी. तिच्याभोवती बिया काढलेल्या, सोललेल्या काकडीच्या फोडी. कड कापलेल्या पावाचे चौकोन. पिकलेली नाशपाती, बिनबियांची काळी द्राक्षं अर्धी चिरून, लाल मिरचीच्या पट्ट्या, बिया काढलेली ऑलिव्ह. पांढरं चीज, पिवळं चीज. आणि सगळं — अगदी सगळं — मेणाच्या त्या ठोकळ्याएवढं.

तो द्राक्षं ठेवायचा, मी ती दोन बोटं डावीकडे सरकवायची. तो परत उजवीकडे. तिसऱ्यांदा द्राक्षांऐवजी बोटालाच बोट लागलं.

"द्राक्षं कुठे ठेवायची मग?" त्यानं बोट न हलवता विचारलं.

"असू देत... तिथेच."

"ताट मांडताय की बुद्धिबळ?" वहिनी खुर्च्या ओढता ओढता म्हणाली.

मोकळी जागा

पाहुणे आले. फोटो काढले. वहिनीची मान ताठ झाली. आणि मग, दादानं तीन हाका मारल्यावर, बाबा बाहेर आले. पांढरा सदरा, गळ्यात सवयीनं टेप. टेबलापाशी थांबले. ताटाकडे पाहिलं, पाहतच राहिले.

"हे कुणाच्या मापाचं आहे?"

"म्हणजे... काय बाबा?"

"शिंप्याला फसवतेस? चौदा माणसं म्हणजे चौदा मापं. इथे काकडी, पाव, नाशपाती, चीज, सगळं एका मापावर बेतलंय." त्यांनी आडवी बोटं ओठांपाशी नेली. "माझ्या."

कुणीतरी चमचा खाली ठेवला.

आमची चूक तेव्हा कळली. एखादी फोड वाकडी, एखादा तुकडा मोठा ठेवला असता तर खपून गेलं असतं. पण मुद्दाम चुकायचं आम्हा दोघांना सुचलंच नव्हतं. मापात राहायची सवयच वाईट.

बाबा वळले. खोलीचं दार सात पावलांवर होतं. एक. दोन.

"मास्टर," चीजवाला म्हणाला, "पण माप बरोबर आलंय का?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वहिनीनं कपाळाला हात लावला.

"नाही, खरंच विचारतोय. मी तारेनं कापतो. कडक चीज नीट येतं, पण हे मऊ... ओढलं जातं, कड फाटते. सुळसुळीत कापड कापताना तुम्ही काय करता?"

बाबा थांबले. पाठमोरेच.

"कुठलं कापड?"

"रेशीम समजा."

"रेशमाखाली कागद घालतात. कागदासकट कापायचं."

"सरकत नाही?"

"कागद धरून ठेवतो त्याला."

"मग चीजखाली..."

"घालून बघा की!" बाबा वळले होते. "विचारताय काय?"

त्यानं बटरपेपर पसरला, वर पांढऱ्या चीजचा गोळा ठेवला, तार ताणली. बाबा टेबलाशी आले. "ओढू नका. सरळ दाबा. मनगट ढिलं... हां. बघू कड."

त्यांनी तुकडा उचलला. मोठा होता. ठोकळ्याच्या दुप्पट तरी. उजेडाकडे धरला, फिरवला, डोळे बारीक केले. आणि हातात तुकडा नि डोक्यात कड असलेला माणूस जे करतो तेच केलं. तो तोंडात टाकला.

खोलीत चौदा पाहुणे होते आणि चौदाही जण द्राक्षांकडे बघत होते.

बाबांनी चावलं. मी कान लावून ऐकत होते, कवळी वाजतेय का, सरकतेय का. काही नाही. पुन्हा चावलं. गिळलं.

"कड बरी आहे," ते म्हणाले. "पण डावीकडे दोन सूत कमी."

चीजवाला हसला. तोंड भरून, वळलेल्या सुळ्यासकट, उडालेल्या कोपऱ्यासकट. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

बाबांनी खुर्ची ओढली आणि सगळ्यांमध्ये बसले. "सूनबाई, नाशपातीची ही काय बाळफोड? एक अख्खी आणा." वहिनी उखडलेल्या फरशीवरून अक्षरशः पळाली.

बाल्कनी, शेगडीशेजारी

मी तिथे जाऊन रडले. थोडंसंच. मागून पावलं आली.

"अर्धा मिलिमीटर," मी नाक ओढत म्हटलं. "आठ महिने..."

"आत त्यांनी अर्धी नाशपाती संपवली. आता दादांना सांगतायत की तुझ्या शर्टाची कॉलर चुकलीय."

मला रडता रडता हसू आलं. तो जवळ उभा राहिला. आमच्यामध्ये आडवी पडलेली शेगडी आणि दोन बोटं हवा.

"मला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे... गेले काही दिवस..."

"अहो चीजवाले!" आतून बाबा. "इकडे या. हा ॲप्रन शिवला कुणी? खांद्यात चढतोय. उभे राहा, माप घेतो. आणि तू वही आण गं."

कड

तर आता तो बैठकीच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा, बाबा त्याच्या पाठीमागे टेप घेऊन, आणि मी समोर, हातात वही. भोवती पाहुण्यांचा कलकलाट.

"खांदा साडेसतरा," बाबा म्हणाले. मी लिहिलं.

"बाही चोवीस." लिहिलं.

"हात अडकलेत माझे," तो अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणून धीर होतोय. उद्या... येशील?"

येशील. 'याल' नव्हे.

"उद्या दुकान बंद असतं ना?"

"म्हणूनच. काही विकायचं नाही, काही कापायचं नाही. नुसतं चालत जाऊ कुठेतरी. मला तू आवडतेस. रोज तुला नवीन काहीतरी विचारावंसं वाटतं... संपतच नाही. तुलाही वाटतं का असं?"

"हलू नका," बाबा पाठीमागून म्हणाले. टेप त्याच्या छातीभोवती आली. बाबांनी आकडा सांगितला. मी मान खाली घातली आणि लिहिलं.

"किती लिहिलंस? वाच."

मी वाचेना. बाबांनी वही ओढून घेतली, चष्मा नाकावर उतरवला.

*खांदा साडेसतरा. बाही चोवीस. छाती — हो.*

बाबांनी वहीकडे पाहिलं. माझ्याकडे. मग टेप धरून उभ्या उभ्या त्याच्याकडे, बराच वेळ.

"श्वास सोडा आता," ते त्याला म्हणाले. "छातीचं माप परत घ्यावं लागणार."