डाव्या बाजूला कोण असतं?

थंडपेटी बसवून झाली, तसा रोशन तायडेनं ट्रक सुरू केला आणि कान लावला. बाहेर एकोणपन्नास अंशांचं ऊन होतं, आणि इंजिन पहाटेची हवा पीत असल्यासारखं गुरगुरत होतं.

गरम हवा विरळ असते. इंजिनाला ती कितीही पाजा, त्याचं पोट भरत नाही. रोशनची पेटी आत जाणाऱ्या हवेतली उष्णता काढून घ्यायची. हवा दाट व्हायची, डिझेल पुरतं जळायचं. काढलेली उष्णता आणि धूर एकच दांडगा पंखा बाहेर फेकायचा, म्हणून इंजिनाचा कोंडमाराही संपला. अकोल्याच्या गॅरेजातली ही पेटी चार वर्षांत देशभरच्या ट्रकांत गेली. बड्या कारखान्यांनी तिची नक्कल केली. रोशनला प्रशस्तिपत्र मिळालं.

धुराची नळी त्यानं डावीकडे वळवली होती, कारण उजवीकडे ड्रायव्हर बसतो.

डावीकडे त्याची थोरली बहीण असायची. वंदनाताई. टोलनाक्यावर ट्रकांच्या रांगेलगत काकड्या विकणारी. एका दुपारी तिला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं, तेव्हा नळीच्या तापल्या झोतानं तिचा एक हात खांद्यापासून सोललेला होता.

"या आठवड्यातली ही नववी बाई," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या नाक्यावरच्या. पुन्हा त्या झोतात उभ्या राहिल्या तर जगतील असं मी सांगू शकत नाही."

रोशन तडक नाक्यावर गेला. दोनेकशे ट्रक उभे होते, सगळे सुरू.

"दादा, रांगेत तरी पेटी बंद ठेवा," तो एका ड्रायव्हरला म्हणाला.

"बंद केली तं पुन्हा गार व्हाले पाव तास. घाटात मागं पडलो की खेप गेली. पयले पुढच्याले सांग."

पुढच्यानं त्याच्या पुढच्याकडे बोट केलं.

परिवहन कार्यालयातला साहेब हसला. "तायडे, तुमचीच रचना आता नियम झालीय. ड्रायव्हरची सुरक्षा. नळी हलवलीत तर परवाना जाईल."

"आणि बाहेरची माणसं?"

"ती वाहनात मोडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ओलं फडकं हाताला गुंडाळून टोपली भरत होती.

"ताई, नको जाऊ."

"मंग काकड्या काय तुह्या गॅरेजात विकू? ग्रीस लावून?"

"मी नळी वळवायला लावतो. कोर्टात जातो."

"वळव. उजवीकडे दुभाजकावर झाडं लावणाऱ्या बाया हायेत. खाली सोडशील तं डांबर वितळते, अन् ते सारखं करणारे अनवाणी असतात."

"वर सोडू."

"वर पुलाचं काम चालू हाये. शंभर मानसं लटकून हायेत तिथं." तिनं टोपली डोक्यावर घेतली. "तुह्या इंजिनाले गार कराची विद्या तुले आली, रोश्या. मंग ते आग ठेवाले कोनाचं अंग शोधतो आता?"