केतकीताईची पिशवी

तिघा भावंडांपैकी मल्हारचा रक्तगट ओ, शाल्मलीचाही ओ. केतकीताईचा मात्र बी. म्हणूनच कॅरमला नेहमी ओ पार्टी विरुद्ध ताई असा सामना व्हायचा. मग आजारी मल्हारला अस्थिमज्जा (हाडांतला, रक्त तयार करणारा मऊ गर) द्यायला ताईच का? दहा वर्षांच्या शाल्मलीला यात सरळसरळ वशिला दिसत होता.

सकाळीच ताईच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली होती. आता ती रुग्णालयाच्या खाटेवर शहाळं पीत पडली होती आणि सगळे तिला "गुणाची गं पोर" म्हणत होते. शाल्मलीला कुणी मलईसुद्धा विचारली नाही. ती तणतणत प्रयोगशाळेच्या काचेपाशी गेली. आत चाळणकर नावाचा यंत्रमानव ताईची लालभडक पिशवी हाताळत होता.

"चाळणकरकाका, तुमची निवड चुकलीय. माझा गट जुळतो!"

"रक्तगट ही लाल पेशींवरची खूण," चाळणकर म्हणाला. "मज्जेसाठी पांढऱ्या पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून येतात, निम्म्या बाबांकडून. ताईच्या जुळल्या, तुझ्या नाहीत. यात ताईचं कर्तृत्व शून्य."

"हे जरा तिकडे येऊन मोठ्यांदा सांगाल?"

"कामात आहे."

त्याने मज्जा बारीक जाळीतून गाळली. हाडाचे कण आणि चरबीचे थेंब वर राहिले. मग पिशवी यंत्रात गरगर फिरवली. जड लाल पेशी तळाशी गेल्या, पिवळसर पाणी वर आलं आणि मधोमध एक फिकट, पातळ थर उरला.

"यात मूलपेशी आहेत (ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी जन्मतात). खालच्या लाल पेशी काढून टाकायच्या. त्या बी गटाच्या. मल्हारचं रक्त त्यांना शत्रू समजून फोडेल आणि त्रास त्यालाच होईल."

"म्हणजे ताईचं निम्मं बाद?" शाल्मलीचा चेहरा खुलला.

"निम्म्याहून जास्त."

पण उरलेली पिशवी पाहून तिचा चेहरा पुन्हा उतरला. "एवढीशीच? एवढ्याने मल्हार बरा होईल?"

"मोजून पाहिलंय. पेशी पुरेशा आहेत, जिवंत आहेत. शिरेतून सोडल्या की आपल्या आपण हाडांत जाऊन घर करतात. त्या रुजल्या, की हळूहळू मल्हारचा रक्तगटही बी होईल."

"बी?" शाल्मली किंचाळली. "म्हणजे तो पक्ष बदलणार?"

"हो. पण बी गटाला ओ गटाच्या लाल पेशी चालतात. बाकी तपासण्या जुळल्या, तर अठरा वर्षांची झाल्यावर तू दोघांनाही रक्त देऊ शकशील. ते मात्र तुला देऊ शकणार नाहीत."

शाल्मलीने यावर बराच विचार केला.

संध्याकाळी मल्हारच्या खोलीच्या काचेबाहेर दोघी बहिणी उभ्या होत्या. नळीतून फिकट थेंब भावाच्या हातात उतरत होते. ताई नखं खात होती.

"घाबरू नकोस," शाल्मली तिचा हात धरून म्हणाली. "त्या रुजतील. बऱ्या आहेत तुझ्या पेशी. आणि पुढे कधी तुला रक्त लागलं, तर मी आहे. फक्त नीट मागायचं."