दोन नंबर मोठे बूट

एक बूट तिच्या हातात होता, दुसरा त्याच्या. आणि सोडायला दोघंही तयार नव्हते.

आदिलाबादच्या बाजारातलं ते दुकान म्हणजे एक शटर, एक कुरकुरता पंखा आणि छतापर्यंत रचलेली खोकी. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता. रुख्मिणी तामसीहून बसनं आली होती ती या बुटांसाठीच. हिरव्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वर येणारे, खाली रबराचे खोल दाते असलेले जंगल बूट. दिसायला अगदीच ओबडधोबड, पण डोंगराला चिकटणारे आणि शेतकऱ्याच्या पोरीला परवडणारे.

"एक ही जोडी बची है," दुकानदार म्हणाला आणि मजा बघत बसला.

"मी आधी धरला," रुख्मिणी म्हणाली.

"मी आधी पाह्यला," तो म्हणाला. सावळा, उंच, केसांतून पावसाचं पाणी निथळतंय... आणि डोळ्यांत असं काही हसू, की रुख्मिणीला आणखीच राग आला. "नंबर काय तुमचा?"

"तुमचा काय?"

"आठ."

"माहाबी आठच."

साफ खोटं. तिचा नंबर सहा. त्यानं तिच्या चपलेतल्या पायांकडे एकदा पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि हातातला बूट अलगद तिच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या मग. आमचं काय... आमी अनवाणी चढू."

म्हणजे हाही चढणार होता! रुख्मिणीनं पैसे दिले, पिशवी छातीशी धरली आणि मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणजे, फारसं नाही.

गोष्ट अशी होती, की अख्ख्या जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी हिमालयातल्या गिर्यारोहण शिबिराला जाणार होते. बारावीतल्या रुख्मिणीनं ते कॉलेजच्या फळ्यावर वाचलं आणि त्याच क्षणी ठरवलं, की ती मुलगी आपणच. तिनं डोंगर पाहिला होता तो बसच्या खिडकीतून, बर्फ पाहिला होता तो गोळ्याच्या गाडीवर. पण ठरवलं म्हणजे ठरवलं. तिची आई, आशाबाई, तिला लहानपणापासून हट्टी म्हणायची. अलीकडे रुख्मिणीला वाटायला लागलं होतं, की हट्टी हे काही वाईट नाव नाही.

बूट मोठे आहेत हे आईला मुळीच खटकलं नाही. कापूसवाल्यांच्या घरात बूट नेहमी दोन नंबर मोठाच घेतात. पुढच्या पोकळीत कापूस कोंबायचा आणि पाय वाढेल तसा काढत जायचा. आशाबाईंनी पहिल्या वेचणीतला शुभ्र कापूस आणला आणि दोन्ही बुटांच्या चवड्यांत ठासून भरला. रुख्मिणी अंगणात चालून आली. वा, कसं गादीवर चालल्यासारखं!

सरावाची चढाई गुडीहत्नूरजवळच्या डोंगरावर होती. निवडीचं सगळं सुधाकरराव सरांकडे होतं. शिट्टी वाजली आणि रुख्मिणी सुटली ती सगळ्यांच्या पुढं. दुकानातला तो मुलगाही तिथं होता. नाव नरसिंग, गाव भैंसा, आणि पायात कुणाचे तरी झिजलेले पळायचे बूट. दर चार पावलांना त्याचा पाय घसरत होता. तिनं ते पाहिलं. पण ती थांबली नाही.

वाटेत ओढा आला. गुडघाभर पाणी. ती बिनधास्त उतरली, पलीकडे चढली... आणि तिथून तिचे बूट तिचे राहिले नाहीत. भिजलेला कापूस आधी जड झाला, मग त्याचा दगडासारखा गोळा झाला. पाय आत सटकायला लागला. उतारावर तर बोटं त्या गोळ्यावर आपटत होती आणि मागून टाच सोलून निघत होती. ती दात आवळून उतरली. सगळ्यांत शेवटी.

सरांनी तिच्या टाचा पाहिल्या आणि सरळच सांगितलं, की पुढच्या रविवारी खरी निवड आहे, आणि या पायांनी ती डोंगरावर यायची नाही. रुख्मिणी तशीच लंगडत निघाली. ओढ्याकाठी जाऊन बसली आणि बुटातून कापसाचे राखाडी बोळे काढायला लागली.

"अरे बाप्पा... कापसाची जिनिंगच उघडली का पायात?"

नरसिंग. तोही घसरून आला होता, कोपर खरचटलेलं.

"हसाले आले का?"

"नाही. भाव करून राह्यलो." त्यानं एक बोळा उचलून पिळला. "आमच्या भैंशात ओला कापूस कोणी घेत नाही. माहा बाप जिनिंगवरच हाय, मले ठाऊक."

तिला हसायचं नव्हतं. तरी ओठांचा कोपरा हललाच. मग, पाण्याकडे बघत, तिनं सांगून टाकलं, "सहा हाय माहा नंबर."

"मले दुकानातच समजलं होतं."

"मंग सोडला काऊन?"

त्यानं ओढ्यात खडा टाकला. "तुमी असा धरला होता तो बूट... का जसा डोंगरच धरला. मंग म्हटलं..." पुढचं त्यानं सांगितलंच नाही. आणि रुख्मिणीच्या सोललेल्या टाचा एकाएकी दुखायच्या थांबल्या. हे शास्त्रात बसत नाही, पण झालं खरं.

त्याच आठवड्यात ते पुन्हा त्या दुकानात भेटले, या वेळी ठरवून. धुऊन वाळवलेले आठ नंबर नरसिंगनं तिच्याकडून विकत घेतले. त्याच्या पायाला ते असे बसले, जसे त्याच्यासाठीच शिवले होते. नवा मालही आला होता. पण रुख्मिणी आता ती पहिली रुख्मिणी नव्हती. चालून चालून पाय फुगतो म्हणून ती मुद्दाम दिवसभर हिंडून संध्याकाळी आली होती, जाड मोजे घालून. तिनं प्रत्येक बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. मधूनच दुमडला तो बाजूला. चकचकीत, चांदीच्या पट्ट्यांचा एक तर तिनं दुकानदारालाच परत दिला आणि दाते कुठं आहेत ते दाखवा म्हणाली. शेवटी सात नंबर बाजूला ठेवून सहाच्याच दोन जोड्यांमधला जरा सैल जोडा पायात घातला, घट्ट नाडी बांधली आणि दुकानाच्या पायऱ्यांवरून झपाझप खाली उतरली. वर. पुन्हा खाली. पुन्हा वर.

"बेटी, पहाड यहीं चढ़ेगी क्या?" दुकानदार वैतागला.

"उतारावर अंगठा पुढं नाही लागला पाहिजे, टाच मागं नाही उचलली पाहिजे," तिनं नरसिंगला सांगितलं. कुणी शिकवलं म्हणून नाही, तिच्या फोडांनीच शिकवलं होतं. नरसिंग तिची पिशवी धरून खांबाला टेकून उभा होता आणि बुटांकडे बघतच नव्हता.

"बूट इकडं हायेत," ती म्हणाली.

"माहीत हाय," तो म्हणाला. आणि दोघंही लाल.

पण बसस्टँडवर त्यानं एक बातमी सांगितली. दसऱ्याला आदिलाबाद जिल्हा फोडून नवे जिल्हे होणार होते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. भैंसा निर्मल जिल्ह्यात, तामसी आदिलाबादमध्येच. आता सर म्हणत होते, की याद्याही वेगळ्या करणार, आणि प्रत्येक जिल्ह्याचं शिबिर वेगळ्या महिन्यात. म्हणजे दोघंही निवडले गेले तरी सोबत जाणं नाही.

"आदिलाबादला माही मावशी राहते..." नरसिंग हळूच म्हणाला. "तिचा पत्ता लावला, तर मी तुमच्याच यादीत. आपण सोबत... बर्फात..."

बर्फात! रुख्मिणीच्या डोळ्यांपुढं क्षणभर सगळं पांढरं झालं. दोघं, एक दोर, एक शिखर. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नको," ती म्हणाली. "एक खोटं मी बोलली होती, आठ नंबरचं. त्याचे फोड अजून हायेत. तू तुह्या गावाच्या नावानं चढ."

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. तो नाही म्हणू शकला नाही.

रविवारी पहाटे धुकं होतं. सरांनी तिच्या टाचा पाहिल्या, सुकलेल्या खपल्यांवरच्या पट्ट्या पाहिल्या, बूट दाबून पाहिले आणि मान हलवली. एवढंच. रुख्मिणी या वेळी सुटली नाही. पाऊल टाकत गेली, एकेक, पक्कं. ओढ्याशी बूट काढून गळ्यात अडकवले, पलीकडे पाय पुसून पुन्हा घातले, आणि तेवढ्यात तीन जणी पुढं गेल्या तरी डगमगली नाही. तिला ठाऊक होतं, बूट भिजवणाऱ्या पुढं कुठं थांबतील. शेवटच्या खड्या कातळावर तिनं तिघींनाही मागं टाकलं. माथ्यावर पोचली तेव्हा नरसिंग तिथं आधीच बसलेला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं सरकून वाऱ्याच्या आडोशाला तिला शेजारी जागा करून दिली.

खाली सरांनी दोन याद्या वाचल्या. आदिलाबाद, मुली: रुख्मिणी डोमाजी. निर्मल, मुलगे: नरसिंग. तिनं सरांच्या पाया पडताना डोळे पुसून घेतले.

हायवेवर दोघं बसची वाट बघत उभे राहिले. तिची बस उत्तरेला, त्याची दक्षिणेला.

"रुख्मिणी... मले ना... म्हणजे आता जिल्हा वेगळा..." नरसिंग अडखळला. मोठ्ठा कातळ चढणारा मुलगा, आणि एका वाक्यावर पाय घसरत होता.

मग तीच म्हणाली. "मले तू आवडतोस. आत्ता काही बोलू नको. मंगळवारी दसरा हाय. माह्या घरी सोनं द्यायले ये, सगळ्यांदेखत. नाही आलास, तर मी समजून जाईन. आणि रडणार नाही."

त्याची बस आली. तो चढला, आणि खिडकीतून बघत राहिला.

दसऱ्याच्या दिवशी नवे जिल्हे झाले. टीव्हीवर नकाशा दाखवत होते, अंगणात माणसं सोनं देत-घेत होती. दुपार गेली. आदिलाबादहून एक बस आली, रिकामीच. रुख्मिणी रडली नाही, पण तिनं दोनदा विनाकारण अंगण झाडलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा दुसरी बस आली, आणि वळणावर धुळीतून एक उंच मुलगा चालत आला. इस्त्रीचा शर्ट, मुठीत पानं.

त्यानं आधी तिच्या वडिलांना, डोमाजींना सोनं दिलं, मग आशाबाईंच्या पाया पडला.

"कोण्या गावचा रे बाबू?" आशाबाईंनी विचारलं.

"भैंशाचा, मावशी."

"म्हणजे आता परजिल्ह्यातला. एवढ्या दूर सोनं द्यायले आला? कोणासाठी?"

नरसिंग उत्तर द्यायला अजिबात अडखळला नाही. त्यानं सगळ्यांदेखत दोन पावलं पुढं टाकली, रुख्मिणीच्या उघड्या तळहातावर पानं ठेवली आणि म्हणाला, "हिच्यासाठी."

आशाबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान खाली घातली नाही. मग आशाबाई उठल्या आणि चहाला आणखी एक कप पाणी टाकायला आत गेल्या.