रेलिंगला टेकलेली सायकल

लिलीची सायकल कड्यावरच्या रेलिंगला नीट टेकवून ठेवलेली सापडली. सीटमागची पिशवी जशीच्या तशी होती. लिली मात्र कुठेच नव्हती. कड्याच्या खाली थेट समुद्र.

साराचा फोन आला तेव्हा इलियास नवगावकर लंडनला मुलाच्या घरी चहा पीत होते. "मामा, आपली लिली..." एवढं बोलून ती रडायला लागली. मुंबईच्या सीआयडीत उभी हयात काढलेल्या मामांनी कप तसाच खाली ठेवला. आधी ट्रेन, मग फेरी, मग आयल ऑफ वाइटवरची डुगडुगती बस. सबंध प्रवासात ते धड पाच मिनिटं बसले नाहीत. लिली त्यांची सगळ्यात धाकटी भाची. तिला नर्सिंगसाठी इंग्लंडला आणायची कल्पना त्यांचीच होती.

१९६७चा जून. पण त्याला जून म्हणायला जीभ रेटत नव्हती, इतका बोचरा वारा सुटला होता.

चौघंजण सुट्टीला आले होते. लिली, तिची थोरली बहीण सारा, साराचा नवरा सॅम्युअल आणि लिलीच्याच हॉस्पिटलमधला डॉक्टर गिरीश. नकाशा खिशात घालायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला सायकलवर वळसा मारायचा. ना गाइड, ना घाई. वेंटनरजवळच्या एका गेस्टहाउसात ते बुधवारी उतरले आणि गुरुवारी सकाळी लिली नाहीशी झाली.

ऑगस्टमध्ये लिली आणि गिरीशचं लग्न ठरलं होतं. मुलगी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, मुलगा पुण्याचा ब्राह्मण. लंडनमधल्या अर्ध्या बिरादरीने नाकं मुरडली होती. सॅम्युअलचं त्यात पहिलं.

गेस्टहाउसच्या बैठकीत सार्जंट गिरीशला समोर बसवून प्रश्न विचारत होता. भल्या सकाळी गिरीश एकटाच कड्याच्या रस्त्याने फिरायला गेला होता, आणि आदल्या दिवशी चहाच्या वेळी त्याचं लिलीशी भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"भांडण कशावरून?" मामांनी मराठीत विचारलं.

"मी अजून आईला लग्नाचं कळवलं नाहीये. लिली म्हणाली, मी काय लपवून ठेवायची वस्तू आहे?" गिरीशचे डोळे सुजले होते. "मामा, मला काय करायचं ते नंतर करा. पण ह्यांना सांगा, बोटी वाढवा. ती पाण्यात असेल तर... प्लीज."

मामा खिडकीशी गेले, परत आले. त्यांना एका जागी उभं राहून विचार करता येतच नसे.

"लिलीला शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी," सॅम्युअल म्हणाला. "उजाडताच तिने आमच्या दारावर टकटक केलं, सारा झोपेत होती. मी खाली जाऊन शेड उघडून दिली. म्हणाली, भावजी, मी पुढे होते, तुम्ही ब्रेकफास्ट करून या. मग गेली."

"सायकल रात्रभर शेडमध्येच होती?"

"हो. भिंतीला उभी. पिशवीही तिने कालच अडकवून ठेवली होती. कुलूप मीच लावलं."

"तिचा पलंग?"

"लँडलेडी म्हणते, चादरीला सुरकुती नव्हती," सारा म्हणाली. "पण ती नर्स, मामा. उठली की आधी पलंग लावणार."

"तू तिला कधी पाहिलंस?"

"काल संध्याकाळी. माझं डोकं चढलं होतं. तिने खोबरेल गरम पाण्यात ठेवून पातळ केलं, माझ्या डोक्याला चोळलं. मग बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाली, जरा सायकलवर चक्कर मारून येते. मला झोप लागली."

"ती परत आलेली पाहिलीस?"

"नाही. ह्यांनी सांगितलं, आली म्हणून."

लिलीची पिशवी टेबलावरच होती. सार्जंटची परवानगी घेऊन मामांनी ती उघडली. रेनकोट, कार्डिगन, टॉवेल सगळं इतकं ठासून भरलेलं, की मधली तेलाची बाटली ताठ उभी अडकून बसली होती. त्यांनी ती उपसून काढली. आतलं पांढरं तेल एका बाजूला पार बुचापर्यंत चढून गोठलं होतं. दुसऱ्या बाजूला काचेचा तळ दिसत होता. मामांनी बाटली पुन्हा पिशवीत खोचली, पिशवी हलवली, बाटली ढळली नाही. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"सार्जंट, बोटी चुकीच्या जागी शोधताहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "आणि चुकीची वेळ धरून."

सार्जंटने वर पाहिलं. मामांनी बाटली त्याच्या हातात दिली.

"हे आमचं डोक्याला लावायचं तेल. मुंबईत बारा महिने पातळ असतं. तुमच्या देशात आलं की दगड होतं. काल संध्याकाळी लिलीने ते पातळ करून पिशवीत ठेवलं. सायकल रात्रभर शेडमध्ये उभी असती, तर तेल सपाट गोठलं असतं. हे आडवं गोठलंय. म्हणजे गारठ्यात सायकल तासन् तास आडवी पडली होती."

"सकाळी वाटेत पडली असेल," सॅम्युअल घाईने म्हणाला.

"सकाळपर्यंत तेल गोठलेलं असणार. गोठलेलं तेल सायकल पाडली म्हणून वाहत नाही." मामा मराठीवर आले. आवाज मात्र चढला नाही. "सायकल शेडमध्ये नव्हतीच, सॅम्युअल. लिली काल परत आलीच नाही. आली असं सांगणारा तू एकटा. सकाळी गेली असं सांगणाराही तू एकटा. पहाटे तू ती सायकल उचलून कड्यावर उभी करून आलास. तिथे खाली समुद्र आहे, म्हणून प्रेत का मिळत नाही हे कुणी विचारणार नाही. आणि सकाळी फिरायला गेलेल्या गिरीशच्या गळ्यात फास."

"मामा, मी..."

"ते सगळं नंतर. कुठे पडली होती सायकल? माझी पोर कुठे आहे?"

सारा नवऱ्याकडे बघत राहिली. सॅम्युअल मटकन खुर्चीत बसला.

"घळीत," तो म्हणाला. "पश्चिमेला, पडक्या चर्चच्या मागे. मी तिच्या मागून गेलो. नुसतं समजावायला. म्हटलं, बिरादरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ती ऐकेना. मी हँडल धरलं, तिने ओढलं. सायकल गवतात पडली आणि ती मागे... कडेला... मी ढकललं नाही, शपथ! हाका मारल्या. उत्तरच आलं नाही. मला वाटलं, संपलं."

"खाली उतरलास?"

सॅम्युअलने मान हलवली. नाही.

"तू उतरून पाहिलं नाहीस," मामा म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी खुनी पाहिले होते, दरोडेखोर पाहिले होते. पण एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

सार्जंटला इंग्रजीत सांगून होईपर्यंत गिरीश दाराबाहेर पडलासुद्धा.

अर्ध्या उतारावर, काटेरी झुडपांत अडकलेली लिली त्यालाच पहिल्यांदा दिसली. पाय मोडला होता, ओठ निळे पडले होते. पण श्वास चालू होता. गिरीशने आपला कोट तिच्यावर टाकला आणि लहान पोरासारखा रडला. चार जणांनी मिळून तिला वर आणलं. मामा स्ट्रेचरबरोबर धावत होते, आपलं वय विसरून.

रस्त्यावर सारा उभी होती. पलीकडे सार्जंटच्या गाडीपाशी सॅम्युअल, खाली मान घालून.

लिलीचे डोळे उघडले. तिने बहिणीला ओळखलं, मग तिची नजर सॅम्युअलकडे गेली. आवाज पार बसला होता.

"भावजी, तुम्ही काल इतक्या हाका मारत होतात," ती म्हणाली. "मी दर हाकेला ओ दिली. जोरात दिली."

सारा सावकाश सॅम्युअलकडे वळली.

"तुम्हांला ऐकू आलं होतं," ती म्हणाली, आणि स्ट्रेचरची कड धरून अँब्युलन्समध्ये चढली.